ग्रेस मॉर्ली आणि दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली कित्येक वर्षं मी मुलांना घेऊन दिल्लीला जाते. कधी संग्रहालयशास्त्राची मुलं असतात, कधी इतिहासाची, एकदा तर नुसती हौशी मंडळी होती. जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात शिरण्याआधी मी त्यांना एक नाव सांगते: ग्रेस मॉर्ली. बहुतेकांनी ते ऐकलेलं नसतं. मग परतीच्या गाडीत भुसावळ येईपर्यंत प्रश्न सुरू राहतात. दरवर्षी मुलं नवी आणि प्रश्न जवळपास तेच, म्हणून ते उत्तरांसह इथे लिहून ठेवते आहे.

ग्रेस मॉर्ली कोण होत्या? थोडक्यात सांगा.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी १९०० साली जन्मलेल्या अमेरिकन विदुषी. माहेरचं आडनाव मक्कॅन. शिक्षण बर्कलीला आणि पॅरिसला. १९३५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आधुनिक कलेचं संग्रहालय उघडलं, त्याच्या त्या पहिल्या संचालक. दुसऱ्या महायुद्धानंतर युनेस्कोच्या संग्रहालय विभागाच्या प्रमुख. १९६० मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या पहिल्या संचालक. त्यानंतर त्या इथेच राहिल्या आणि १९८५ मध्ये दिल्लीतच वारल्या. मी त्यांना मॉर्लीबाई म्हणते. वर्गात तेच नाव रुळलं आहे.

त्या कला-इतिहासकार होत्या की प्रशासक?

हा प्रश्न हुशार मुलंच विचारतात, आणि त्यामागे एक जुना समज असतो: खरा विद्वान ग्रंथ लिहितो, ज्याला ते जमत नाही तो संस्था चालवतो.

मॉर्लीबाईंचा पाया पक्का विद्यापीठीय होता. १९२६ मध्ये पॅरिस विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. विषय होता सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये निसर्गाविषयी असलेली भावना. साहित्य आणि कला यांच्या सीमेवरचा विषय. मग बाल्टिमोरच्या गाउचर कॉलेजात फ्रेंच आणि कला शिकवली, आणि १९३० पासून तीन वर्षं सिनसिनाटीच्या कला संग्रहालयात क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारी आणि मांडणारी जाणकार, म्हणून काढली. म्हणजे आधी ग्रंथालय, मग वर्ग, मग दालन. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. वर्गात शिकवलेल्या माणसाला समोरच्याचे डोळे कधी विझतात ते कळतं. पुढे संग्रहालयात हेच ज्ञान कामाला येतं.

मॉर्लीबाईंचा कला-इतिहास ग्रंथांपेक्षा भिंतीवर जास्त लिहिलेला आहे. कुठलं चित्र कुठल्या चित्राशेजारी लावायचं, कुठली मूर्ती एकटी ठेवायची, कशाला पाच ओळींचं लेबल आणि कशाला नुसतं नाव, हे सगळे कला-इतिहासातलेच निर्णय आहेत. ते छापील नसतात म्हणून त्यांच्यावर कोणी परीक्षण लिहीत नाही, एवढंच.

सॅन फ्रान्सिस्कोचं संग्रहालय खरंच चौथ्या मजल्यावर होतं?

हो. शहराच्या नागरी चौकात पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेली व्हेटरन्स बिल्डिंग आहे, तिच्या चौथ्या मजल्यावर. १८ जानेवारी १९३५ ला ते उघडलं. अमेरिकेत महामंदीचे दिवस होते. न्यूयॉर्कचं आधुनिक कलेचं संग्रहालय १९२९ मध्ये सुरू झालं होतं, पण पश्चिम किनाऱ्यावर फक्त विसाव्या शतकाच्या कलेला वाहिलेलं संग्रहालय हे पहिलंच.

चौतीस वर्षांच्या या बाईंच्या हाती संग्रह म्हणावा असं फारसं काही नव्हतं. अल्बर्ट बेंडर नावाचे डब्लिनहून आलेले विम्याचे व्यावसायिक होते, कलेवर जीव असलेला माणूस, त्यांनी सुरुवातीलाच छत्तीस कलाकृती दिल्या. त्यांत मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराचं फुलवाल्याचं चित्र होतं: पांढऱ्या कपड्यांतला एक शेतकरी गुडघ्या-हातांवर वाकलेला आणि त्याच्या पाठीवर फुलांची त्याच्याहून मोठी टोपली. दुसऱ्याच वर्षी बेंडर यांनी रिव्हेराची चित्रकार पत्नी फ्रिडा काहलोने काढलेलं स्वतःचं आणि दिएगोचं चित्रही दिलं. ही दोन्ही चित्रं आज जगभर पोस्टरांवर दिसतात. तेव्हा ती एका नवख्या संग्रहालयाला मिळालेली भेट होती.

संग्रह अपुरा म्हणून मॉर्लीबाईंनी प्रदर्शनांवर भर दिला. उसनी आणायची, लावायची, उतरवायची, पुढची लावायची. वर्षाला डझनावारी. ज्यांनी कधी एक प्रदर्शन उभं केलं आहे त्यांना विचारा, त्यात किती रात्री जातात.

सॅन फ्रान्सिस्कोत मॉर्लीबाई रात्री दहापर्यंत संग्रहालय उघडं ठेवत, त्याचं कारण काय?

दिवसा लोक कामावर असतात, हे कारण. आपल्याकडची बहुतेक संग्रहालयं संध्याकाळी पाच-सहाला बंद होतात आणि सोमवारी तर उघडतच नाहीत. मग बघायला कोण येणार? शाळेची सहल आणि पर्यटक. नोकरी करणारा माणूस, दुकान चालवणारा, दिवसभर घरकाम करणारी बाई, यांच्यासाठी दार उघडंच नसतं. मॉर्लीबाईंना हे १९३५ मध्ये दिसलं होतं.

१९४० मध्ये पिकासोचं मोठं प्रदर्शन तिथे आलं होतं. शेवटच्या रात्री बंद व्हायची वेळ झाली तरी लोक हलेनात. ते सरळ जमिनीवर बसले. चित्रांसमोर ठाण मांडून बसलेले लोक आणि दारं लावायला आलेले पहारेकरी, हे दृश्य मी मुलांना नेहमी सांगते. त्याच्या आदल्या वर्षी, १९३९ मध्ये, पिकासोचं 'गर्निका' हे चित्र सॅन फ्रान्सिस्कोत लागलं होतं. ज्याच्यावरून ते काढलं त्या स्पेनमधल्या गर्निका गावावर बॉम्ब पडून दोनच वर्षं झाली होती.

अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकला त्यांनी 'शोधलं' का?

'शोधलं' हा शब्द मी वापरणार नाही. न्यूयॉर्कमध्ये कला-संग्राहक पेगी गुगनहाइम यांनी त्याला आधीच आधार दिला होता. पण १९४५ मध्ये कोणत्याही संग्रहालयात पोलॉकचं पहिलं एकल प्रदर्शन झालं ते मॉर्लीबाईंकडे, आणि त्याच वर्षी त्यांनी त्याचं 'गार्डियन्स ऑफ द सीक्रेट' हे १९४३ चं चित्र संग्रहालयासाठी घेतलं. तेव्हा पोलॉक रंग ओघळवून काढायच्या चित्रांपर्यंत पोहोचलाही नव्हता. त्याआधी १९४१ मध्ये आर्शिल गॉर्की आणि १९४३ मध्ये क्लिफर्ड स्टिल यांची प्रदर्शनं त्यांनी लावली. १९४६ मध्ये मार्क रॉथकोचं लावलं.

आज ही सगळी नावं पाठ्यपुस्तकात आहेत, म्हणून निर्णय सोपे वाटतात. त्या वेळी विश्वस्तांसमोर उभं राहून 'हे चित्र विकत घेऊ या' म्हणायचं, आणि चित्रात काय आहे ते समोरच्याला कळत नसताना म्हणायचं, यासाठी नुसतं धाडस पुरत नाही. आधीची तीनशे वर्षांची चित्रकला डोळ्यांखालून गेलेली असावी लागते. नवं काय आहे हे जुनं माहीत असलेल्यालाच कळतं.

त्या काळात बाई संचालक, हे नवल नव्हतं का?

होतं. पण त्या एकट्या नव्हत्या. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या पहिल्या संचालक ज्युलियाना फोर्स होत्या, आणि जे पुढे गुगनहाइम संग्रहालय झालं त्याची सुरुवात हिला रिबे यांच्या हाताखाली झाली. एक निरीक्षण मांडते: या तिन्ही संस्था तेव्हा नव्या होत्या आणि तिन्ही नव्या कलेच्या होत्या. प्रस्थापित, श्रीमंत संग्रहालयांच्या खुर्च्यांपर्यंत बायका तेव्हा पोहोचलेल्या नव्हत्या.

युनेस्कोत त्यांनी काय केलं?

१९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची सनद सॅन फ्रान्सिस्कोत तयार झाली, आणि २६ जूनला तिच्यावर सह्या झाल्या त्या याच व्हेटरन्स बिल्डिंगमधल्या नाट्यगृहात. वर चौथ्या मजल्यावर संग्रहालय, खाली पन्नास देशांचे प्रतिनिधी. भारत अजून स्वतंत्र झाला नव्हता, तरी भारताच्या वतीने रामस्वामी मुदलियार यांनी तिथे सही केली. मॉर्लीबाईंची आणि भारताची ही पहिली जवळीक, एका छपराखालची. नकळत झालेली असली तरी मला ती फार आवडते.

१९४७ ते १९४९ त्या युनेस्कोच्या संग्रहालय विभागाच्या प्रमुख होत्या. युरोपातली कितीतरी संग्रहालयं युद्धात मोडली होती, वस्तू तळघरांत आणि खाणींत लपवल्या होत्या. आशिया-आफ्रिकेत नवे देश जन्माला येत होते आणि प्रत्येकाला आपलं राष्ट्रीय संग्रहालय हवं होतं. १९४६ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषद स्थापन झाली होती. १९४८ पासून युनेस्कोचं संग्रहालयांविषयीचं त्रैमासिक निघू लागलं. एका शहराच्या संग्रहालयाकडून जगभरच्या संग्रहालयांकडे बघायची सवय मॉर्लीबाईंना इथे लागली असावी.

सॅन फ्रान्सिस्को का सोडलं?

१९५८ मध्ये, तेवीस वर्षांनंतर, त्यांनी राजीनामा दिला. अठ्ठावन्नाव्या वर्षी आपल्याकडे लोक निवृत्तीचा सत्कार स्वीकारतात. त्यांचं निम्मं काम अजून व्हायचं होतं.

स्वतंत्र भारताने राष्ट्रीय संग्रहालय एका परदेशी बाईच्या हाती का दिलं?

या प्रश्नात थोडा राग असतो, आणि तो मला समजतो. पण त्या दशकाकडे बघा. चंडीगड ल कॉर्ब्युझिए हे परदेशी वास्तुकार आखत होते. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ मध्ये भारताविषयी अहवाल दिला आणि त्यातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. बडोद्याचं संग्रहालय हर्मन गोएट्झ या जर्मन कला-इतिहासकाराने सांभाळलं होतं, आणि दिल्लीत १९५४ मध्ये आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालन उघडलं तेव्हा तिथेही तेच होते. जगात जे चांगलं कौशल्य आहे ते बोलवावं आणि आपल्या माणसांनी त्याच्या शेजारी उभं राहून शिकावं, अशी त्या काळची रीत होती.

शिवाय विद्वत्तेची उणीव नव्हती. संस्कृत, शिल्पशास्त्र, मूर्तिविज्ञान यांत पारंगत असलेले सी. शिवराममूर्ती याच संग्रहालयात होते. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये डॉ. मोतीचंद्र संचालक होते. बनारसच्या भारतेंदु हरिश्चंद्रांच्या घराण्यातले, लंडनहून डॉक्टरेट घेऊन आलेले, प्राचीन वेशभूषेपासून जुन्या व्यापारी वाटांपर्यंत हिंदीत आणि इंग्रजीत सारख्याच अधिकाराने लिहिणारे. मोडक्या पोथीचं एक पान बघून ते प्रांत आणि काळ सांगत. आपल्याकडे कमी होती ती रिकाम्या, कोऱ्या, प्रचंड इमारतीत देशभरची वस्तुसंपदा पहिल्यांदा मांडायच्या अनुभवाची. तो अनुभव मॉर्लीबाईंकडे होता.

त्या आल्या तेव्हा दिल्लीत काय होतं?

एक गोष्ट आणि एक इमारत.

गोष्ट अशी. १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल अकादमीत भारतीय कलेचं भव्य प्रदर्शन भरलं. देशभरच्या संग्रहालयांतून निवडक वस्तू तिकडे गेल्या. परत आल्यावर त्या पुन्हा आपापल्या गावी पाठवण्याआधी दिल्लीकरांनाही बघू द्याव्यात असं ठरलं, आणि ज्याला आज आपण राष्ट्रपती भवन म्हणतो त्या वास्तूच्या दरबारी दालनांत त्या मांडल्या. तिथूनच कल्पना पक्की झाली की याच संचयातून राष्ट्रीय संग्रहालय करावं. आराखडा मॉरिस ग्वायर समितीने १९४६ मध्येच दिला होता. १५ ऑगस्ट १९४९ ला चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी त्याच वास्तूत संग्रहालयाचं उद्‌घाटन केलं. १९५७ पर्यंत ते पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली होतं.

इमारत जनपथावरची. १२ मे १९५५ ला पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली, आणि १८ डिसेंबर १९६० ला पहिला टप्पा डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते खुला झाला. तिचे वास्तुकार गणेश भिकाजी देवळालीकर. दिल्लीचं सर्वोच्च न्यायालयही त्यांचंच. हे नाव उच्चारलं की गाडीतली नाशिककडची मुलं हमखास सावरून बसतात.

म्हणजे मॉर्लीबाई १९६० मध्ये आल्या तेव्हा काही महिन्यांत दारं उघडायची होती. मोहेंजोदडोच्या मुद्रा, चोळ काळातली कांस्यं, ऑरेल स्टाइन यांनी मध्य आशियातून आणलेली भित्तिचित्रं, लघुचित्रं, शस्त्रं, वस्त्रं. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, प्रत्येकाला लागणारा प्रकाश वेगळा.

त्यांनी नेमकं काय बदललं?

आपल्याकडे संग्रहालयाला अजून अजबखाना म्हणणारे लोक भेटतात, आणि तो शब्द खोटा नाही. जुन्या पद्धतीत कपाट भरलेलं असे. एका काचेआड चाळीस मूर्ती, पुढच्यांच्या आड मागच्या, लेबलं पिवळी पडलेली, वर लावलेली चित्रं मान मोडून बघायची. जितकं आहे तितकं सगळं दाखवायचं, कारण दाखवलं नाही तर 'भांडारात कुजतंय' अशी ओरड व्हायची.

मॉर्लीबाईंच्या पिढीची शिस्त उलट होती. थोडं दाखवायचं, नीट दाखवायचं. मूर्तीभोवती मोकळी जागा, मागे शांत रंगाची भिंत, साधा चौथरा. मुख्य वस्तू बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर आला की बहुतेक प्रौढांची मान सरळ राहते, लहान मुलांसाठी त्याहून खाली यावं लागतं. प्रकाश वस्तूवर, बघणाऱ्याच्या डोळ्यांत नाही. लेबल छोटं, वाचता येईल असं, वाचायला वाकावं लागणार नाही अशा जागी. आणि जे दाखवत नाही ते भांडारात नोंदीसह, अभ्यासकाला मागताच मिळेल असं.

वाचताना हे किती साधं वाटतं! मी एकदा एका छोट्या संग्रहालयात तीन महिने काम केलं. नाव सांगत नाही. तिथे एक सुंदर यादवकालीन विष्णू दाराच्या मागे उभा होता. दार उघडलं की झाकला जायचा, म्हणजे संग्रहालय उघडं असेपर्यंत तो कोणालाच दिसत नसे. त्याच्यावर प्रबंध लिहिला गेला होता. त्याची जागा बदलायला मात्र अकरा आठवडे आणि चार पत्रं लागली. त्या अकरा आठवड्यांत मला मॉर्लीबाईंचं मोल कळलं.

दुसरं काम त्यांनी माणसांचं केलं. प्रशिक्षण. देशातल्या संग्रहालयांतल्या तरुण कर्मचाऱ्यांना वस्तू कशी उचलायची, कशी नोंदवायची, कशी मांडायची, शाळेच्या मुलांशी कसं बोलायचं हे शिकवण्यात त्यांनी खूप शक्ती घातली. दिल्लीपुरतं चांगलं संग्रहालय करून त्या थांबल्या असत्या तरी नाव झालंच असतं.

पण वस्तू देवळातून काढून पांढऱ्या चौथऱ्यावर ठेवणं बरोबर आहे का?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि मॉर्लीबाईंवर माझं प्रेम असूनही मी तो टाळत नाही.

त्यांची मांडणी वस्तूकडे कलाकृती म्हणून बघायला शिकवते: रेषा, घडण, तोल. चोळ नटराज त्या नजरेने बघितला की उचललेला पाय आणि भोवतीचं प्रभामंडळ यांचा मेळ दिसतो, श्वास थांबतो. पण ज्या शिल्पकाराने मेणाचा साचा करून तो ओतला, त्याच्या मनात तो मिरवणुकीत खांद्यावरून निघणारा देव होता. रेशीम नेसलेला, फुलांत बुडालेला, दिव्यांच्या उजेडात हलणारा. भक्तांना त्याचा चेहरा तेवढा दिसायचा. चौथऱ्यावरचा नटराज सगळा दिसतो, आणि तरी त्यातलं काहीतरी निघून गेलेलं असतं.

एकदा आमच्या गटामागून एक आजी चालत होत्या. विष्णूच्या मूर्तीपाशी आल्या, चपला बाजूला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले. पहारेकरी काही बोलला नाही. माझी एक विद्यार्थिनी मला हळूच म्हणाली, 'मॅडम, यांना लेबलाची गरजच नाही.' मी तिला म्हटलं, लेबलात हेही यायला हवं. ही मूर्ती कुठल्या गावची, कुठल्या देवळाची, तिची पूजा कधी थांबली. मॉर्लीबाईंच्या पद्धतीत ही जागा अपुरी राहिली असं माझं मत आहे. पण डोळ्यांच्या पातळीवर आणलेल्या मूर्तीसमोरच त्या आजी उभ्या राहू शकल्या, हेही तितकंच खरं.

१९६६ नंतर त्या परत का गेल्या नाहीत?

१९६६ मध्ये संचालकपद सोडल्यावर त्या भारत सरकारच्या सल्लागार झाल्या, आणि १९६७ पासून दहाएक वर्षं आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेचं आशियातलं कार्यालय दिल्लीतून सांभाळलं. आशियातल्या नव्या देशांना संग्रहालयं उभी करायला मदत हवी होती, आणि ती कशी करायची हे त्यांना ठाऊक होतं. इथले संग्रहालयवाले त्यांना 'माताजी म्युझियम' म्हणत. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. माझ्या मते त्यांचं घर इथे झालं होतं, आणि घर सोडून कोणी परत कुठे जात नाही.

संचालक दिवसभर करतो काय?

मुलांना वाटतं, संचालक दालनातून फिरतो आणि पाहुण्यांना नटराज दाखवतो. प्रत्यक्षात सकाळ गळक्या छपराने सुरू होते. लाकडी मखराला वाळवी, पोथ्यांना कसर, पावसाळ्यात भांडारातली आर्द्रता. लघुचित्रावर पन्नास लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड पडू द्यायचा नसतो आणि तेच चित्र वर्षानुवर्षं लावून ठेवायचं नसतं, नाहीतर रंग उडतो, आणि उडालेला रंग परत येत नाही. मग उसन्या जाणाऱ्या वस्तूंचे करार, विमा, पेट्या. देणगीदार. विश्वस्त किंवा मंत्रालय. ऑडिट. 'आमच्या आजोबांची तलवार शिवकालीन आहे, घ्या' म्हणत आलेले गृहस्थ, ज्यांना न दुखवता ती शंभर वर्षांपूर्वीची आहे हे सांगायचं असतं.

या सगळ्यातून रोज तासभर वाचन आणि तासभर दालनात उभं राहणं ज्याला जमतं, तो टिकतो. दालनात उभं राहायचं ते वस्तूंकडे बघायला नव्हे, लोकांकडे बघायला. कुठे थांबतात, कुठे न थांबता पुढे जातात, कुठे मूल आईचा हात ओढतं.

मला या क्षेत्रात यायचं आहे. काय शिकू?

पदवी इतिहासाची, पुरातत्त्वाची, कलेची किंवा संस्कृतची असली तरी चालते. संग्रहालयशास्त्राचा अभ्यास बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून शिकवला जातो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पदव्युत्तर पदविका आहे. पुण्याचं डेक्कन कॉलेज पुरातत्त्वासाठी आहेच. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षी तिथे विचारून घ्या.

यापलीकडचं सांगते. एक लिपी शिका, नुसती ओळख नको, वाचता यायला हवी. मराठी मुलामुलींसाठी मोडी सगळ्यात जवळची, कारण कागद आपल्याच गावात पडलेले आहेत. एक जुनी भाषा: संस्कृत, प्राकृत किंवा फारसी. रोज एक वस्तू काढा, पेन्सिलने, चित्र वाईट आलं तरी. हाताने काढल्याशिवाय डोळ्याला दिसत नाही. आणि एक उन्हाळा एखाद्या तालुक्याच्या संग्रहालयात नोंदवही लिहिण्यात घालवा. कंटाळा येईल. तो कंटाळा सोसता आला तर हे काम तुमचं आहे.

पोट भरतं का?

सरकारी पद मिळालं तर व्यवस्थित भरतं, पण जागा कमी निघतात आणि वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. खासगी संग्रहालयं, कंपन्यांचे संग्रह, लिलावगृहं, प्रदर्शनांची कंत्राटी कामं यांत आता पूर्वीपेक्षा जास्त संधी आहे. आईवडिलांना खोटी आशा दाखवू नका. पहिली पाच-सहा वर्षं ओढाताणीची जातात.

दिल्लीला गेलो तर त्यांचं काम कुठे बघायला मिळेल?

जसंच्या तसं कुठेच नाही. दालनं अनेकदा बदलली, १९८९ मध्ये इमारतीचा दुसरा टप्पा जोडला गेला, आणि २०२३ मध्ये तर नॉर्थ आणि साउथ ब्लॉक या सरकारी कचेऱ्यांच्या इमारतींमध्ये नवं राष्ट्रीय संग्रहालय करायचं जाहीर झालं. म्हणून जनपथावरची इमारत बघून घ्या. देवळालीकरांनी मधे ठेवलेला गोल चौक आणि त्याच्याभोवती फिरणारा व्हरांडा बघा. चालता चालता उजेड कसा बदलतो ते बघा.

मग हडप्पा दालनात जा. तिथे मोहेंजोदडोला १९२६ मध्ये सापडलेली कांस्याची नर्तकी आहे. कमरेवर हात, हातभर बांगड्या, हनुवटी किंचित वर. मी मुलांना फोन खिशात ठेवायला सांगते आणि काचेपासून आधी चार पावलं लांब, मग जवळ, मग गुडघ्यांवर बसून, अशी तीन उंचींवरून बघायला लावते. मग वहीत तिच्यासाठी पंचवीस शब्दांचं लेबल लिहायचं असतं, शाळेतल्या मुलाला वाचता येईल असं.

साडेचार हजार वर्षांच्या जवळपास तिचं वय आणि उंची साडेदहा सेंटिमीटर. दरवर्षी गटातलं कोणीतरी काचेला नाक लावून म्हणतं, 'एवढीशीच?' मी म्हणते, लेबलाचा पहिला शब्द तोच ठेव.